१.० टीएसआयला रिमॅप मारला तर इंजिन टिकेल का? (सोलापूरचं ऊन धरून सांगा)

जुळेसोलापूरकर
फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल), मॅन्युअल, २०२० ची. ६८ हजार किमी झालेत, सर्व्हिस वेळेवर. कंपनीचा आकडा ११० पीएस (पॉवर), १७५ एनएम (टॉर्क, म्हणजे ओढ). पुण्यातला एक ट्यूनर स्टेज १ रिमॅप (इंजिनच्या कंप्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं) मारून १३५ पीएस, २३० एनएम देतो म्हणतोय. वर "इंजिनला काही होत नाही साहेब, कंपनीनं मार्जिन ठेवलेलंच असतं." मला पॉवर पाहिजे ती पुणे हायवेला उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या ओलांडायला, रेस लावायला नाही. इंजिन, टर्बो, क्लच... आधी काय जाईल?

कडक_भाकरी
आधी पैसे जातील. आहेत ते ११० तरी कुठं वापरायलास बे? सात रस्त्याला दुसरा गिअर पडत नाही.

बोरिंगवाले_अण्णा
दादा, पीएसचा आकडा सोडा, टॉर्क कुठल्या आरपीएमला देणार ते विचारा.

माझ्याकडं अक्कलकोट रोडला इंजिनचे ब्लॉक आणि हेड येतेत, बोरिंग-फेसिंगला. टर्बो पेट्रोलवाले आता वाढलेत. पिस्टन हातात घेतला की कळतं. वरून ठीकठाक, आणि पहिल्या-दुसऱ्या रिंगच्या मधल्या पट्टीचा तुकडा उडालेला. मालक शपथेवर सांगतो, मी कधी १०० च्या वर पळवली नाही. बरोबर आहे त्याचं! पाचव्या गिअरला १६०० वर पाय दाबून रेटलेली असते. टर्बो पूर्ण हवा कोंबतोय, पिस्टन सावकाश चाललाय, अशा वेळी रिंगांच्या फटीतला तेल-पेट्रोलचा थेंब वर येतो आणि स्पार्कच्या आधीच पेटतो. एलएसपीआय (लो स्पीड प्री-इग्निशन) म्हणतेत त्याला. साधं नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी खडखड) ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, ऐकतो आणि टायमिंग, म्हणजे स्पार्कची वेळ, मागं घेतो. इथं स्पार्क पडायच्या आधीच खेळ झालेला, टायमिंग मागं घेऊन काय करणार?

तुमचा ट्यूनर २३० एनएम नेमका तिथंच देणार, १८०० ला. टेस्ट ड्राइव्हला पाठीत धक्का बसतो, गिऱ्हाईक खूश. हिशोब करून बघा. टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ९५४९, उत्तर किलोवॅटमध्ये. २३० एनएम १८०० ला म्हणजे ४३ किलोवॅट, ५९ पीएस. एवढ्यासाठी पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवर जवळपास एक तृतीयांश जादा मार. उलट कंपनीचा १७५ एनएमच ५५०० पर्यंत पडू न देता धरला तर १०१ किलोवॅट, म्हणजे १३७ पीएस. त्याच्या १३५ पेक्षा जास्तच की! आणि ट्रॉली ओलांडताना तुम्ही तिसऱ्यात टाकून वरच्याच आरपीएमला असणार.

ते पण फुकट नाही. वर हा छोटा टर्बो धापा टाकतो, हवा तापते, एक्झॉस्ट तापतो. या इंजिनात इंटरकूलर पाण्याचा, इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला. थोडा वेळ झकास काम करतो, पण ते पाणी एकदा तापलं की लवकर उतरत नाही. आपल्या मे महिन्यात, ४३-४४ डिग्रीत, हाच मुद्दा आहे. ट्यूनर डायनोचा (पॉवर मोजायच्या मशीनचा) कागद दाखवेल, तो एसी खोलीतला आणि दहा सेकंदांचा. तुम्ही दुपारी हायवेचा लॉग (गाडी चालताना सेन्सरच्या आकड्यांची नोंद) मागा. इनटेकच्या हवेचं तापमान, आणि प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग किती मागं जातंय. एकच सिलिंडर सारखा चार-पाच डिग्री मागं जात असेल तर तो मॅप काढून टाका.

आधी काय जाईल म्हणाल तर क्लच. गिअरबॉक्स २०० एनएमपर्यंतचा आहे, २३० टाकून त्याच्याकडून माया नका मागू. चौथ्यात २००० वरून पूर्ण दाबा. काटा वर पळाला आणि गाडी तिथंच, तर क्लच घसरतोय.

जुळेसोलापूरकर
अण्णा, लई उपकार. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) चं काय? सगळे घाबरवतेत.

बोरिंगवाले_अण्णा
नॉकिंगपुरतं बोलायचं तर चांगलंच. आधीचं साधं पेट्रोल ९१ ऑक्टेन, ई-२० चं ९५; ऑक्टेन जास्त तेवढं नॉकिंग कमी. शिवाय इथेनॉल वाफ होताना सिलिंडर गार करतं. जिल्ह्यात एवढे साखर कारखाने, तेवढं तरी आपल्या पदरात पडू दे. पण तेवढ्याच हवेला इंधन जादा लागतं, म्हणजे हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टरकडं शिल्लक कमी राहते. पॉवर वाढवणाऱ्यानं ती मोजायला पाहिजे. गाडी २०२० ची, त्यामुळं इंधनाचे रबरी पाइप आणि सील दरवर्षी बघून घ्या.

डिझेल_स्विफ्ट_१३
माझ्या १.३ ला ट्यूनिंग बॉक्स लावलाय, मस्त चालतीय. तुम्ही उगाच घाबरवायलाव.

बोरिंगवाले_अण्णा
डिझेलला स्पार्कच नाही, तुमचं दुखणं वेगळं. तो बॉक्स रेल प्रेशरचा (इंजेक्टरकडं जाणाऱ्या डिझेलच्या दाबाचा) आकडा ईसीयूला कमी दाखवतो, मग ईसीयू प्रेशर वाढवतो. खरं प्रेशर किती हे त्याला कळतच नाही. तुळजापूरचा घाट चढताना मागं काळा धूर दिसतो का तेवढं बघा.

नियमवाला
मॅप बदलायच्या आधी इन्शुरन्स कंपनीला लेखी विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत परस्पर बदल करण्याबद्दलच आहे. क्लेमच्या वेळी भांडत बसण्यापेक्षा बरं.

जुळेसोलापूरकर
ट्यूनरला फोन केला. म्हटलं २५०० च्या खाली कंपनीचाच टॉर्क राहू दे, आणि कुठंच १९० च्या वर नको. तो म्हणतो, "मग तुम्हाला फरकच जाणवणार नाही, नंतर मला नावं ठेवाल."

बोरिंगवाले_अण्णा
जाणवेल, ४००० च्या पुढं. लॉग द्यायला तयार आहे का ते विचारा, नसेल तर दुसरा बघा. तेल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच, पण डब्यावर एपीआय एसपी लिहिलेलं घ्या, त्यात एलएसपीआयचा विचार केलेला असतो. १५ हजार किमीची वाट बघू नका, साडेसात हजारांना बदला. आणि मॅप मारायच्या आधी तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून कागद जपून ठेवा.