ल्युटिनोचं टक्कल: दोष रंगाचा की आपला?

पिंजरेवाली_डोंबिवली (धागाकर्ती):
घरात दोन कॉकेटिल आहेत, तुरेवाले छोटे ऑस्ट्रेलियन पोपट. नर साधा ग्रे, मादी ल्युटिनो, म्हणजे पांढरी-पिवळी, गालावर नारिंगी ठिपका. तिच्या तुऱ्यामागे आठाण्याएवढं टक्कल आहे. तुरा पाडलेला असला की झाकलं जातं, बाईसाहेब चिडल्या की गुलाबी कातडी उघडी. घेताना दुकानदार म्हणाला होता, "ताई, नवीन पिसं येतायत." दोन वर्षं झाली, अजून येतायतच.

त्यात रात्रीचं दचकणं. पालीच्या आवाजानेही धडपडते. मागच्या महिन्यात पंखातलं कोवळं, रक्त भरलेलं पीस तुटलं, सकाळी खालच्या पेपरवर शिंतोडे. आता झिरो बल्ब लावून झोपवते. ग्रे बुवा शेजारी ढिम्म.

माझं स्पष्ट मत: निव्वळ रंगासाठी पैदास बंद करा. ऑस्ट्रेलियाच्या उजाड माळावर हा पक्षी करडा आहे तो काय उगाच? पिवळा तिथे पहिल्या ससाण्याच्या पोटात गेला असता.

गच्चीवरची_जोडी:
असहमत. ससाणा डोंबिवलीत येत नाही. :)

गंमत सोडा. ल्युटिनो म्हणजे काळं-करडं रंगद्रव्य नाही, पिवळं शाबूत. टक्कल हा त्या रंगाचा भाग नाही, ते सोबत आलंय. हा रंग अमेरिकेत फ्लोरिडाला १९५८ साली निघाला. मून आडनावाच्या बाईंनी तो वाढवला, म्हणून तिकडचे जुने लोक त्याला 'मूनबीम' म्हणत. सुरुवातीला पक्षी मूठभर, मागणी ढीगभर. मग पिवळ्याला पिवळाच लावा, भावाला बहीण लावा. त्यात टक्कल पक्कं झालं.

उपाय आहे. भरल्या डोक्याचा ल्युटिनो नर आणि भरल्या डोक्याची ग्रे मादी लावायची. मुली सगळ्या ल्युटिनो, मुलगे सगळे ग्रे पण स्प्लिट, म्हणजे पिवळा रंग पोटात लपवलेले. घरट्यातच कळतं: डोळे उघडायच्या आधीही पापणीच्या कातडीतून ग्रेचा डोळा काळा दिसतो, ल्युटिनोचा लालसर. माझ्याकडे तिसरी पिढी आहे. टक्कल आठाण्यावरून तुरीच्या दाण्यावर आलंय.

कडक_ग्रे:
दादा, तुम्ही गच्चीवर तीन पिढ्या थांबलात. बाजार थांबतो का? स्प्लिट नर दिसायला ग्रे, विकायचा ग्रेच्याच भावात. त्याला वर्षभर राळे-बाजरी कोण घालणार? त्यापेक्षा पिवळ्याला पिवळा लावला की सगळी पिल्लं पिवळी, सगळ्यांना भाव. धागाकर्तीशी शंभर टक्के सहमत. शिस्त पाळणारे दहा आणि न पाळणारे हजार असतील, तर नियम हजारांकडे बघून करावा.

भाव_विचारणारा:
मध्येच विचारतो. मला एकाने ग्रे मादी "ल्युटिनोला स्प्लिट आहे" म्हणून जादा पैशांत दिलीय.

गच्चीवरची_जोडी:
लुबाडलं हो तुम्हाला. ल्युटिनो, पर्ल, सिनॅमन या रंगांत मादी स्प्लिट असूच शकत नाही. पक्ष्यांत माणसाच्या उलटं असतं, नराकडे दोन झेड (नर-मादी ठरवणारं गुणसूत्र), मादीकडे एकच, आणि हे रंग त्या झेडवर बसलेले. एकच आहे म्हटल्यावर लपवणार कुठे? असेल तर दिसेलच. व्हाइटफेस (पांढऱ्या तोंडाचा) किंवा पाइड (चट्ट्यापट्ट्यांचा) हे रंग झेडवर नसतात, त्यांना स्प्लिट मादी म्हणाला असता तर शक्य होतं.

मोत्याची_आई:
आमचा पर्ल. पाठीवर प्रत्येक पिसाला पिवळी खवल्यासारखी किनार, म्हणून नाव मोती. पहिल्या पिसझडीत खवले गायब, वर शिट्ट्या सुरू. दुकानात जाऊन भांडले की आजार दिलात. तो म्हणाला, "वहिनी, नर निघाला, अभिनंदन." पर्लचे नर मोठे झाले की बहुतेक ग्रे होतात म्हणे. कडक_ग्रे, तुमच्यासाठी हाच पक्षी. पैसे पर्लचे, रंग ग्रेचा.

कडक_ग्रे:
मोती झिंदाबाद. पण वहिनी, घेताना तुम्हालाही खवलेच हवे होते ना? मुद्दा तोच आहे.

गच्चीवरची_जोडी:
हवे असले तर बिघडलं काय? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपला पोपट घरात ठेवता येत नाही, आणि तो ठीकच आहे. पण लोकांना रंगीत काहीतरी हवं असतंच. पिंजऱ्यात जन्मलेला पाइड किंवा ल्युटिनो मिळाला तर झाडाच्या ढोलीतलं पोपटाचं पिल्लू तेवढं वाचतं.

कडक_ग्रे:
हे पटत नाही. ढोलीतलं पिल्लू घेणाऱ्याला पोपटच हवा असतो, बोलणारा, हिरवा. कॉकेटिलमध्ये हिरवा होत नाही, निळाही नाही. त्याच्या पिसांत तो निळा पाडणारी रचनाच नाही. 'एमराल्ड' म्हणून विकतात ते करड्यावर पिवळं सांडलेलं.

तुमच्या गच्चीला माझा विरोध नाही. विरोध आहे 'रेअर कलर' लिहिलेल्या पाटीला. त्या पाटीखाली पक्ष्याचं वय, आईबाप, डोकं भरलेलं की नाही, एक अक्षर नसतं.

गच्चीवरची_जोडी:
पाटीबद्दल सहमत. इथे मात्र भांडत नाही.

पिंजरेवाली_डोंबिवली:
मत बदललेलं नाही. पैदास नको म्हणून मी अंडी घालायचा बॉक्स काढून माळ्यावर टाकला होता. आज सकाळी बाईसाहेबांनी पाण्याच्या वाटीशेजारी, ट्रेच्या कोपऱ्यात अंडं घातलंय. ग्रे बुवा त्यावर बसून माझ्यावरच फिस्कारतायत. दोघांचं काय निघेल?

गच्चीवरची_जोडी:
मुलगे ग्रे, स्प्लिट. मुली साध्या ग्रे. पिवळं एकही नाही.

पिंजरेवाली_डोंबिवली:
मग बॉक्स खाली काढते.

गच्चीवरची_जोडी:
काढा. आणि पिवळं निघालंच, तर तुमचे ग्रे बुवा आतून स्प्लिट आहेत असं समजा.