शब्दचर्चा : ‘स्वतंत्र निर्माता’ म्हणजे कोणापासून स्वतंत्र?

धरमपेठकर : आमच्या मंडळात पुढच्या आठवड्यात एका चित्रपट निर्मात्यांचं भाषण आहे. पत्रिकेत नावाखाली ‘स्वतंत्र चित्रपट निर्माते’ असं टाकलं होतं. मुद्रितं तपासणाऱ्या काकांनी ‘स्वतंत्र’भोवती लाल गोल करून विचारलं, “म्हणजे बाकीचे पारतंत्र्यात आहेत काय?” नुसतं ‘निर्माते’ म्हटलं तर लोकांना पैसेवाला शेठ वाटतो. ‘मुक्त निर्माते’ चालेल का? ‘मुक्त पत्रकार’ म्हणतो तसं.

बर्डीवाला : ‘मुक्त’ नको. मुक्त पत्रकार चार वृत्तपत्रांची कामं घेतो. हा माणूस कोणाचं काम घेत नाही, स्वतःचंच अंगावर घेतो. काकांना सांगा, ‘स्वतंत्र’ म्हणजे पाठीशी मोठा स्टुडिओ किंवा वाहिनी नसलेला. अपक्ष उमेदवार असतो ना, तसा.

रामदासपेठ : खरी गडबड ‘निर्माता’ या शब्दाची आहे. धातू ‘मा’, मोजणे. मान, प्रमाण, परिमाण त्यातलेच. मोजूनमापून उभं करतो तो निर्माता. मूळ अर्थात पैसा कुठेच नाही, तो आपण नंतर चिकटवला. कायदासुद्धा पैशाचं नाव घेत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात निर्मात्याची जी व्याख्या आहे तिचा आशय असा, की कृती घडवण्यात पुढाकार घेतो आणि जबाबदारी उचलतो तो निर्माता. त्याच कायद्यात चित्रपटाचा ‘लेखक’ म्हणूनही निर्मात्यालाच धरलंय. पटकथाकारांना हे कसं वाटत असेल तो वेगळा धागा. राष्ट्रीय पुरस्कारातही सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान दिग्दर्शकाबरोबर निर्मात्यालाही मिळतो.

म्हणून पैसा लावतो तो फायनान्सर. निर्माता कथा निवडतो, दिग्दर्शक ठरवतो, करार करतो, सेन्सॉरचं प्रमाणपत्र काढतो, वितरकांकडे खेटे घालतो. स्वतंत्र निर्मात्याला यातली बरीच कामं एकट्यानेच रेटावी लागतात, कधी अभिनयही. ‘कोर्ट’ या मराठी चित्रपटाचे निर्माते विवेक गोम्बर त्यात वकील आहेतच की.

महालातला : राजेहो, आपल्या इकडे ‘निर्मिती केली’ म्हणते कोण? “त्यानं पिक्चर काढला” म्हणतेत. दुकान काढलं, कर्ज काढलं, पिक्चर काढला. तिन्हीमंदी एकच क्रियापद आहे, अन् बहुतेकांचा क्रमही तोच रायते. घरची शेती अन् बायकोचं सोनं विकून काढला तर लोक ‘निर्माता’ नाही म्हणत, ‘याले पिक्चरचं येड लागलं’ म्हणते. फाळक्यांच्या वेळेपासून हेच सुरू आहे. 1913 मंदी ‘राजा हरिश्चंद्र’साठी घरचे दागिने गहाण पडलेच होते ना.

वडशाहून : झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, हा घोळ नाही. आमच्याकडे नाटक कंपनीचा ‘मालक’ असतो आणि गावचं मंडळ नाटक ‘घेते’. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला, की कोणाचे पैसे अडकले आणि कोण जबाबदार हे सगळ्या गावाला माहीत असतं. सिनेमात मालक कोण तेच कळत नाही.

रामदासपेठ : वडशाच्या मंडळींना दंडवत. सिनेमात न कळण्याचं कारण श्रेयनामावली. ‘प्रस्तुतकर्ता’ बहुधा शेवटी येऊन नाव लावतो, चित्रपट विकायला त्याचा उपयोग होतो. ‘सहनिर्माता’ म्हणजे थोडे पैसे, नाहीतर जुनी मैत्री. ‘लाइन प्रोड्यूसर’ रोजचा खर्च आणि परवानग्या सांभाळतो. ‘झुंड’ चित्रपटासारखं मोठं युनिट नागपुरात उतरतं तेव्हा स्थानिक माणसाला मिळालं तर असंच काम मिळतं, पण त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर सर्रास ‘निर्माता’ छापलेलं असतं. बरं, चित्रपट व्यवसायात आपला मुलूख अजून ‘सीपी-बेरार’ (इंग्रजांच्या काळातला मध्य प्रांत आणि वऱ्हाड) याच नावाने विकला जातो. प्रांत केव्हाच गेला, सर्किट म्हणजे वितरणाचा विभाग तेवढा राहिला. इथल्या निर्मात्यालाही वितरकाशी बोलताना तोच शब्द वापरावा लागतो. ‘विदर्भाचे हक्क’ म्हणाला तर समोरचा नवखा समजून भाव पाडतो.

धरमपेठकर : मग पत्रिकेत काय टाकू? उद्या छापायला द्यायची आहे.

बर्डीवाला : ‘चित्रपट निर्माते’ लिहा आणि खाली त्यांच्या चित्रपटांची नावं वर्षासकट. या धंद्यात पत विशेषणाने नाही, चित्रपट पूर्ण होऊन पडद्यावर लागला की नाही यावर ठरते. ‘स्वतंत्र’ हे निवेदकाला तोंडी सांगू द्या, तिथे दोन वाक्यांत उलगडता येतं. आणि वक्त्या बाई असतील तर ‘निर्मात्या’ असं आदरार्थी लिहा, ‘महिला निर्माते’ नको.

धरमपेठकर : बाईच आहेत. काकांनी ते विचारलंच नव्हतं.