लहान मुलांना घेऊन एका दिवसात: खानदेशातल्या जवळच्या निसर्गसहली (अनुभव धागा)

पांझराकाठी

दोन ते आठ वर्षांची पोरं, सोबत कधी आजी-आजोबा, सकाळी निघून दिवेलागणीला घरी. या हिशोबात बसणाऱ्या जागांबद्दल इथे लिहा. जागा सुंदर आहे एवढ्यावर भागत नाही. कोणत्या महिन्यात जायचं, किती वाजता पोहोचायचं आणि तिथे नेमकं काय बिघडतं, ते सांगा. मार्च ते जून आपल्याकडे ऊन माणसाला घराबाहेर पडू देत नाही, त्यामुळे जुलैअखेर ते फेब्रुवारी एवढीच मुदत धरा.

सुरुवात लळिंगपासून करतो. धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने साधारण दहा किलोमीटर. गावातून किल्ल्याची वाट निघते. मोठ्या माणसाला पाऊण तास पुरतो, सहा वर्षांच्या पोराबरोबर सव्वा ते दीड तास धरा. वर सावली नाही आणि टाक्यांतलं पाणी प्यायचं नाही, तेव्हा माणशी दोन लिटर पाणी खालूनच न्या. ऑगस्ट-सप्टेंबरात डोंगर हिरवागार असतो. ऑक्टोबर उजाडला की गवत वाळतं आणि कुसळं मोज्यांत शिरतात. ती आडवी रुतत जातात, ओढली की तुटतात, आणि पोरगं रडतं ते वेगळंच. मोजे काढून पँट खाली घोट्यापर्यंत सोडली तर त्रास निम्म्याने कमी होतो. ज्यांना चढायचं नाही त्यांनी कुरणातल्या लांडोर बंगल्याकडे जावं, तो रस्ता सोपा आहे. मात्र 31 जुलैला बाबासाहेबांच्या 1937 च्या मुक्कामाची आठवण म्हणून तिथे मोठी गर्दी लोटते. त्या दिवशी निवांतपणा शोधायला जाऊ नका.

गिरणाथडी

आमच्या चाळीसगावकडे एकच उत्तर: पाटणादेवी. शहरापासून 18 किलोमीटर, गौताळा अभयारण्याच्या पायथ्याशी. तिन्ही बाजूंनी कडे, मधे चंडिकेचं दगडी मंदिर. पार्किंगपासून मंदिरापर्यंत आजीसुद्धा सहज चालते.

वेळेचं गणित असं. नऊच्या आत वनखात्याच्या फाटकातून आत शिरा. अकरानंतर रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही आणि माकडंही तोवर कामाला लागलेली असतात. माकडांना प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज कळतो. वेफर्सचं पाकीट पोराच्या हातात दिसलं की ते गेलंच, वर ओरखडा बसू शकतो. खाऊ चेनच्या पाठपिशवीत ठेवायचा आणि खाणं गाडीत बसून, काचा वर करून उरकायचं. देवळातला नारळही हातात मिरवू नये.

केदारकुंड धबधब्याची वाट ओढ्याच्या पात्रातून जाते. गोट्यांवर हिरवं-काळं शेवाळ असतं, चपला तिथे फसवतात. मागून पट्टा असलेली, रबरी तळाची सँडल घाला. कॅनव्हासचे बूट भिजले की जड होतात आणि पोरं ‘उचल’ म्हणतात. पाच वर्षांखालच्या मुलाला पाठीवर घेणार असाल तर एका हातात काठी हवीच. कुंडात उतरवू नका, काठावरून तळ दिसत नाही. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, म्हणून धूर, फटाके आणि अंगावर उग्र अत्तर तिन्ही टाळा.

पितळखोरा लेणी पाटणादेवीच्या वरच्या अंगाला आहेत, पण खालून चढायची वाट लहानांची नाही. लेणी बघायचीच असतील तर कन्नड घाट चढून गाडीने वर जा. तिथूनही लेण्यांपर्यंत बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतात, आणि परत चढाव्या लागतात हे पोरांना आधीच सांगून ठेवा. घाटात वाहतूक अडकली की दोन तास गेले, म्हणून दोन्ही ठिकाणं एका दिवसात कोंबू नयेत. मोठ्या मुलांना सांगायला एक गोष्ट: गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने इथे शिक्षणासाठी मठ काढला, आणि 1207 सालचा शिलालेख त्याची साक्ष देतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी

मनुदेवीबद्दल आधी धोका सांगते, कौतुक मागाहून. यावल-चोपडा रस्त्यावरून आडगावकडे वळलं की सातपुड्याच्या कुशीत देवीचं मंदिर आणि शेजारीच धबधबा. पावसाळ्यात दृश्य भारीच असतं, पण पाणी येतं ते वरच्या डोंगरातून. खाली ऊन पडलेलं असतं आणि वर तासाभरापूर्वी पाऊस झालेला असतो. ओळखायची खूण: स्वच्छ पाणी एकदम गढूळ होतं, काड्या-पाला वाहत येतो, आवाज जाडा होतो. यातलं एक जरी दिसलं तरी फोटो, चपला, डबा सगळं सोडून पोरं उचला आणि वरच्या बाजूला या. गाडीच्या वाटेत नाला आडवा असेल तर गाडी अलीकडेच ठेवावी. परतताना पाणी वाढलं की माणसं चढून येतात, गाडी अडकते. श्रावणातले रविवार आणि नवरात्र टाळा. सप्टेंबरातला मधला वार उत्तम, धारही असते आणि गर्दी नसते.

थंडीत अडावदजवळचं उनपदेव बघा. गोमुखातून गरम पाणी कुंडात पडतं. बाळाला घालण्याआधी कोपर बुडवून पाहायचं, तळहाताला गरमपणा नीट कळत नाही. पाच-सात मिनिटं पुरे, मग टॉवेलात गुंडाळून वारा लागू न देता कपडे घालायचे. साबण नको.

पालही याच रांगेत, यावल अभयारण्यात. खिरोद्याहून घाट चढला की हवा बदलते. सुकी नदी आणि तिच्यावरचं धरण हीच मुख्य मौज. नदीपात्रात घोट्याएवढं पाणी असतं तेव्हा, म्हणजे नोव्हेंबरच्या आसपास, पोरांना तासन्‌तास दुसरं काही लागत नाही.

पिंपळपान

बाळ दीड वर्षाचं आहे, डोंगर-धबधबा जमणार नाही. जळगावहून काही आहे का?

दोन नद्यांमधला

आहे ना ताई. एक, पद्मालय. एरंडोलपासून दहाएक किलोमीटर, जंगलातल्या टेकडीवर गणपतीचं मंदिर, आत डाव्या आणि उजव्या सोंडेच्या दोन मूर्ती, समोर कमळांचं तळं. कमळं सकाळी उघडतात आणि ऊन चढलं की मिटतात, म्हणून दहाच्या आत पोहोचा. चतुर्थीला मात्र जाऊ नका, बाबागाडी ढकलायला जागा राहत नाही. तळ्याच्या काठी बाळाला खाली सोडू नका.

दुसरं, हतनूरचं पाणी. तापी-पूर्णेचा संगम चांगदेवला आहे आणि धरणाचा फुगवटा तिथवर येतो. डिसेंबर ते फेब्रुवारी स्थलांतरित पक्षी उतरतात: चक्रवाक, थापट्या, पट्टकादंब. नऊच्या आधीचा वेळ धरा आणि सूर्य पाठीशी राहील असे उभे रहा, समोर असेल तर सगळे पक्षी काळे दिसतात. दुर्बीण 8×40 पुरते. जास्त ताकदीची घेतली तर हाताच्या थरथरीने चित्र हलतं. पोराला आधी देवळाच्या कळसावर नेम धरायला शिकवा, मग पक्ष्यावर. नाहीतर ‘कुठंय, कुठंय’ करेपर्यंत थवा उडून जातो. होडीत बसायचं तर प्रत्येकाला, लहानग्यालाही, त्याच्या मापाचं लाइफ जॅकेट मागा. नसेल तर काठच बरा. चांगदेवाचं दगडी मंदिर जवळच आहे, त्याला अर्धा तास ठेवा.

ऊन तापलंच तर जैन हिल्सवरचं गांधी तीर्थ. डोंगरावरची झाडी आणि आत गार संग्रहालय.

शहादेकर

तोरणमाळ सुटलं की! शहाद्याहून साधारण 55 किलोमीटर, पण अंतर बघून वेळ ठरवू नका. वळणांमुळे दोन तास लागतात. पेट्रोल शहाद्यातच भरा. पोरं घाटात ओकतात, म्हणून निघताना पोटभर दूध देऊ नका. निघायच्या तासभर आधी कोरडं काहीतरी द्यावं, मुरमुरे किंवा भाकरीचा तुकडा. मोबाइल हातातून काढून घ्यायचा, खिडकी बोटभर उघडी, नजर लांब रस्त्यावर. सात पायरी घाटात ऑगस्टमध्ये धुकं उतरतं, तेव्हा चार वाजता परत निघालंच पाहिजे. वर यशवंत तलावाच्या काठाने चालणं सर्वांना जमतं. सीताखाईची दरी सरळ तुटलेली आहे, तिथे एका मोठ्या माणसाने एकाच पोराचा हात धरायचा. दोन पोरं, एक बाप, हा हिशोब तिथे चालत नाही. दिवाळीच्या आसपास गेलात तर सीताफळं घ्या, पण कच्ची. पिकलेली घाटातल्या वळणांत फुटतात. भारी जागा शे भो!

केळीबाग

डब्याचं कुणीच लिहिलं नाही. सहलीला वरण-बट्टीसारखं दुसरं काही टिकत नाही, पण केली पाहिजे नीट. चार माणसांसाठी तीन वाट्या जाडसर दळलेले गहू, एक वाटी मक्याचं पीठ, पाव वाटी कडकडीत मोहन, एक चमचा ओवा, हळद, मीठ, चिमूटभर सोडा. घट्ट मळून अर्धा तास झाकायचं, लांबट वळकट्या करून वीस-पंचवीस मिनिटं वाफवायच्या. हे आदल्या रात्री. गरम असताना कापल्या तर भुगा होतो, म्हणून पूर्ण गार होऊ द्या. सकाळी कापून मध्यम आचेवर तळा. आच मोठी ठेवली तर वरून लाल आणि आत ओलसर राहतात. सगळ्यांत मोठी चूक पुढेच: तळल्या तळल्या डब्यात घालून झाकण लावणं. वाफेने बट्टी चामट होते. चाळणीवर गार करून कागद घातलेल्या डब्यात भरा. तुरीचं वरण घट्टच करा आणि उकळतं असतानाच थर्मासमध्ये ओता, प्रवासात हिंदकळत नाही आणि दुपारपर्यंत गरम राहतं. तूप छोट्या बरणीत वेगळं, पोरांच्या वाटीत वरून. ठेचा मोठ्यांसाठी, आणि त्याचा डबा पोरांच्या हाती लागणार नाही असा.

पांझराकाठी

मोहन पाव वाटी जरा कमी होतं, मका जुना असेल तर अर्धी वाटी लागते.

केळीबाग

जुना मका घ्यावाच कशाला, भाऊ?