कोनो तारो पंतप्रधान का झाला नाही? पक्षाने पाडलं की स्वतःच पडला?

फाइलबंद:
जपानच्या मंत्र्यांमध्ये मला हा एकच माणूस कामाचा वाटायचा. परराष्ट्र, संरक्षण, लसीकरण, शेवटी डिजिटल, सगळी खाती फिरून झाली. २०२० मध्ये सरकारी कागदावरचे शिक्के बंद करा म्हणून खात्यांच्या मागे हात धुऊन लागला, फ्लॉपीत अर्ज द्या म्हणणारे हजारावर नियम २०२४ पर्यंत काढायला लावले. २०२१ला एलडीपी या सत्ताधारी पक्षाच्या अध्यक्षपदासाठी (अध्यक्ष तोच बहुधा पंतप्रधान) पहिल्या फेरीत पक्षसदस्यांच्या कोट्यातली १६९ मतं याला, प्रतिस्पर्धी किशिदांना ११०. दुसऱ्या फेरीत खासदारांनी किशिदांना २४९, याला १३१ असा गेम केला. लोकांना हवा होता, खासदारांना नको, विषय संपला.

सडेतोड:
संपला कसा? २०२४ला त्याच निवडणुकीत नऊ जणांत आठवा आला की! एकूण ३० मतं, त्यात सदस्यांची फक्त ८, ती १६९वाली जनता कुठे गेली? माय नंबर कार्डाला (तिकडचं आधारसारखं ओळखपत्र) दुसऱ्याच माणसाची आरोग्य विम्याची माहिती जोडल्याची प्रकरणं बाहेर आली तरी साहेब जुनं विमा कार्ड बंद करण्यावर ठाम. आणि ट्विटरवर कोणी वाकडं बोललं की ब्लॉक.

फाइलबंद:
अहो माहिती भरताना चुका खालच्या पातळीवर झाल्या, तरी याने तीन महिन्यांचा मंत्रिपदाचा पगार परत केला. किती मंत्री करतात असं?

चहाटळ_मावशी:
पगाराचं कौतुक राहू दे. जुलै २०१९चा तो व्हिडिओ बघा, दक्षिण कोरियाचा राजदूत समोर बसून बोलतोय, कॅमेरे चालू, आणि हा त्याला मध्येच तोडून उद्धट म्हणतो. अणुऊर्जेला वर्षानुवर्षं विरोध केला आणि अध्यक्षपद दिसायला लागल्यावर सुरक्षित असतील त्या अणुभट्ट्या चालू करू म्हणाला, म्हणजे विरोधकही नाराज आणि समर्थकांचा विश्वास नाहीच. संरक्षणमंत्री असताना एजिस अशोर ही जमिनीवरची क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा थांबवली ते मात्र मला पटलं, तिच्या क्षेपणास्त्राचा बूस्टर (उडाल्यावर गळून पडणारा भाग) तळाबाहेर पडणार असेल तर काय करणार? (बाकी २००२ मध्ये वडिलांना यकृताचा भाग दिला होता, माणूस म्हणून वाईट नाही.)

फाइलबंद:
वडील योहेईसुद्धा पक्षाध्यक्ष होऊन पंतप्रधान झाले नाहीत. या घराण्याला पक्ष शेवटच्या पायरीवर अडवतोच.

सडेतोड:
घराणं कशाला मध्ये? खासदारांना त्याच पक्षातला इशिबाही नकोच होता ना, अध्यक्षपदासाठी चार वेळा हरला, २०२१ला तर कोनोच्याच मागे उभा होता. तोच २०२४ला दुसऱ्या फेरीत १८९ खासदार घेऊन पंतप्रधान झाला. ते गणित कोनोला का जमलं नाही तेवढं सांगा.