जेसनमधून फिरवून आणलं म्हणजे डीप कॉपी झाली?

रात्रपाळी:
परवा सेमीकोलन यांनी लिहिलं, 'जावास्क्रिप्टमध्ये डीप कॉपी हवी तर स्ट्रिंगिफाय करा, पार्स करा, विषय संपला. बाकी लायब्ररीवाल्यांचे चोचले.' डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा. नव्यांसाठी: डीप कॉपी म्हणजे ऑब्जेक्टची (नाव आणि किमतींच्या जोड्यांची) आतल्या ऑब्जेक्टांसकट स्वतंत्र नक्कल. युक्ती अशी की ऑब्जेक्टचा जेसन नावाचा साधा मजकूर करायचा (स्ट्रिंगिफाय) आणि त्यातून पुन्हा ऑब्जेक्ट घडवायचं (पार्स).

साहेब, विषय तिथे सुरू होतो. 2021 साली मी हप्तेवसुलीच्या एका सॉफ्टवेअरवर होतो. हप्त्याची तारीख 1 एप्रिल, रात्री बाराची, भारतीय वेळ. कोणीतरी हीच युक्ती लावून ऑब्जेक्ट कॉपी केलं. डेट गेली, तिच्या जागी स्ट्रिंग (नुसता मजकूर) आली, तीही यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेतली: 31 मार्च, 18:30. पुढच्या फंक्शनने तिची पहिली दहा अक्षरं, म्हणजे नुसती तारीख, घेऊन पावतीवर छापली. साडेपाच तासांच्या फरकाने आर्थिक वर्षच बदललं! एरर नाही, लॉगमध्ये चकार शब्द नाही. सीएचा फोन आला तेव्हा कळलं. शिवाय अनडिफाइन्ड (किंमतच न दिलेलं) गायब, मॅप आणि सेट या डेटा साठवायच्या प्रकारांचं रिकामं ऑब्जेक्ट. 2022 पासून स्ट्रक्चर्डक्लोन हे डीप कॉपीचं तयार फंक्शन सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे, नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या) तर आवृत्ती 17 पासून. तरी हाच हट्ट?

सेमीकोलन:
दहा अक्षरं कापणाऱ्याने घोळ घातला आणि बिल कॉपीवर फाडलंत. माझा डेटा एपीआयकडून, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामकडून येतो, म्हणजे मुळातच जेसन. त्यात डेट येणार कुठून? आणि तुमच्या लाडक्या स्ट्रक्चर्डक्लोनला आत फंक्शन असलेलं ऑब्जेक्ट देऊन बघा, एरर फेकतं. क्लासचं (साच्यातून घडवलेलं) ऑब्जेक्ट दिलं तर साधं ऑब्जेक्ट परत देतं, मेथड्स (त्याची फंक्शनं) गुल. ही तुमची डीप?

रात्रपाळी:
फेकतं, हेच तर म्हणतोय! निदान बोंब तरी मारतं. जेसन ते फंक्शन गुपचूप गिळतं. क्लासचं मान्य, तिथे लोडॅश लायब्ररीचं क्लोनडीप प्रोटोटाइप (मेथड्स जिथून मिळतात ते) राखतं. खूश?

सेमीकोलन:
आले, लायब्ररीवर आले.

बेंचवरचा:
मुलाखतीत हेच हाताने लिहायला लावलं होतं. मी रिकर्शन (स्वतःलाच पुन्हा बोलावणारं फंक्शन) लिहिलं, स्वतःकडेच बोट दाखवणारं ऑब्जेक्ट विसरलो, ते थांबेचना आणि स्टॅक (फंक्शनांची मेमरी) भरला. 'पायथन भाषेचं डीपकॉपी पाहिलेल्या ऑब्जेक्टची मेमोत नोंद ठेवतं, तेवढंही सुचलं नाही?' असं ऐकून घरी आलो. तिथेच काम करणारा मित्र म्हणतो, त्यांच्या कोडमध्ये सगळीकडे जेसनच आहे.

माळरान:
नवीन पोरांना मी सोपं सांगतो. तीन टिंबांची स्प्रेड कॉपी (शॅलो, म्हणजे फक्त वरचा थर नवा, आतलं सामायिक) म्हणजे सातबाऱ्याची झेरॉक्स. कागद दोन, जमीन एकच. एकाने विहीर खणली की दुसऱ्याच्याही रानात विहीर.

नाना सासवडकर:
उदाहरण साफ चुकलं. मालकी गाव नमुना सातात, पीकपाणी बारात, आणि झेरॉक्सवर छापलेलं काही आपोआप बदलत नाही. आमचे चुलते आजोबांच्या नावचा उतारा खिशात घालून अकरा वर्षं फिरत होते. मधे वारसनोंद लागली, त्यांच्या कागदावर आजोबा हयातच. ही झाली तुमची डीप कॉपी: मूळ बदललं, कॉपीला पत्ता नाही. शॅलोचा त्रास सगळे सांगतात, हा कोणी सांगत नाही.

माळरान:
नाना, मी जमिनीबद्दल बोलतोय, तुम्ही कागदाबद्दल.

नाना सासवडकर:
तलाठी कार्यालयात कागद म्हणजेच जमीन. खेटे घातले असते तर कळलं असतं.

जुना खोंड:
दोघेही बाजूला व्हा. मुळात अख्खं झाड (ऑब्जेक्टात ऑब्जेक्ट अशी सगळी रचना) कॉपी करायचंच कशाला? फेरफार कसा होतो बघा. एका गटाची मालकी बदलली तर गाव नमुना सहात नवीन नोंद पडते, अख्ख्या गावचं दप्तर कोणी नव्याने लिहीत नाही. तसंच जिथे बदल आहे तिथून मुळापर्यंतची वाट तेवढी नवी करा, बाकीच्या फांद्या दोघांत सामायिक राहू द्या. फक्त त्यांना कोणी जागच्या जागी हात लावायचा नाही. रिअ‍ॅक्ट (वेबपानं बनवायची लायब्ररी) वापरणारे रोज हेच करतात.

माळरान:
फेरफाराचं नाव काढू नका. आमच्या नोंदीवर भावकीतल्या एकाने हरकत घेतली, दोन वर्षं प्रकरण लोंबकळतंय. वाट नवी करा म्हणे! बांधावरून वाट मागितली तर कुऱ्हाड काढतात.

नाना सासवडकर:
हरकतीवर मंडल अधिकाऱ्याचा निर्णय झाला का? नसेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.

रात्रपाळी:
अहो, महसूल खात्याचा धागा आहे का हा? आणि खोंडसाहेब, 'हात लावायचा नाही' हे तुम्ही म्हणणार, टीममधला नवा पोरगा सॉर्ट (क्रम लावायचं फंक्शन) मारणार आणि मूळ अ‍ॅरेच (यादीच) उलटापालटा होणार. मी म्हणून क्लोन करतो. मंद तर मंद.

जुना खोंड:
मग पोराला शिकवा. वीस हजार ओळींची यादी प्रत्येक कीस्ट्रोकला क्लोन करणारं पान मी दुरुस्त केलंय. टाइप केलेलं अक्षर चहा पिऊन आल्यावर दिसायचं.

सेमीकोलन:
तुमचं महाभारत वाचून आज आमच्या कोडमध्ये शोधलं. चौदा ठिकाणी जेसनची युक्ती आहे. दोन ठिकाणी आत डेट निघाली, ती बदलली. बाकी बारा तशीच राहणार, आणि हे मी तुमच्यामुळे केलं असं कृपया समजू नये.

रात्रपाळी:
ती दोन पावत्यांची नव्हती ना?

सेमीकोलन:
एक होती.