मिशिगनकडून हरलेली ओहायो स्टेट आणि बारा संघांचं प्लेऑफ

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलबद्दल कुणीतरी म्हटलंय की बारा संघांच्या प्लेऑफमुळे (विजेता ठरवणाऱ्या हंगामाअखेरच्या बाद फेरीमुळे) नियमित हंगामातल्या सामन्यांना अर्थच उरला नाही, आणि दाखला दिलाय ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संघाचा. मला नाही पटत. ३० नोव्हेंबर २०२४ ला मिशिगनने त्यांना त्यांच्याच मैदानावर १३-१० असं हरवलं. जुन्या चार संघांच्या पद्धतीत हंगाम बहुधा तिथेच आटोपला असता. इथे ते टेनेसी, ओरेगन, टेक्सस आणि अंतिम सामन्यात नोटर डेमला (३४-२३) नमवून विजेते झाले. पण म्हणून कोलंबसमधला, म्हणजे ओहायो स्टेटच्याच गावातला चाहता तो पराभव विसरेल? १८९७ पासूनचं वैर आहे ते, करंडकाने फिटत नाही.

खरा घाव दुसरीकडे बसलाय. १९१५ पासूनची परंपरा सांगणारी पॅक-१२ ही पश्चिमेकडच्या विद्यापीठांची कॉन्फरन्स (आपसात खेळणाऱ्या संघांचा गट) टीव्हीच्या पैशापायी फुटली. २०२४ च्या हंगामात उरली फक्त ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. स्टॅनफर्ड आणि बर्कली, दोन्ही कॅलिफोर्नियातली, आज पार पूर्वेकडच्या अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये खेळतात! पोरांनी एका सामन्यासाठी अख्खा देश ओलांडायचा आणि परत येऊन वर्गात बसायचं. शेजारच्या गावाशी असलेली जुनी चुरस कुठल्या प्लेऑफने भरून निघणार, सांगा.