मदत हवी आहे : पिकअप ट्रकचे शॉक बदलताना समतल उंची, प्रवासातील आराम आणि ट्रेलर ओढणे यांचा मेळ कसा घालावा?

नमस्कार.

माझ्याकडे पूर्ण आकाराचा, चार दारांचा पिकअप ट्रक आहे. पुढच्या बाजूला स्वतंत्र सस्पेन्शन असून शॉक (स्प्रिंगची हालचाल आवरणारा शॉक ॲब्सॉर्बर) कॉइल स्प्रिंगच्या आतून गेलेला आहे. मागे अखंड ॲक्सल, कमानपाटे आणि त्यांच्यापासून वेगळे बसवलेले दोन शॉक अशी नेहमीची रचना आहे. चारही शॉक कारखान्यातून आलेलेच असून आता ते बदलण्याच्या अवस्थेला पोहोचले आहेत. मागच्या डाव्या शॉकच्या नळीवरून तेलाचा ओघळ खालच्या बुशपर्यंत (जोडणीतील रबरी नळकांड्यापर्यंत) उतरला आहे आणि त्यावर धूळ बसून काळा थर झाला आहे. त्याच बाजूच्या टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवला, तर ठरावीक अंतरावर खळगे हाताला लागतात. म्हणजे बदल करावा की नाही हा प्रश्न उरलेला नाही. कोणते शॉक घ्यावेत, हा आहे.

ट्रकचा बराचसा वापर रिकामा होतो. अधूनमधून दोन ॲक्सलचा ट्रेलर जोडला जातो आणि भरल्यावर त्याचे वजन सुमारे २,५०० किलो असते. रिकामा असताना रस्त्याच्या सांध्यांवर मागची बाजू कडक आपटते, आणि ट्रेलर जोडलेला असताना मोठ्या उतारावरून सपाटीवर आलो की ट्रकचे नाक वर-खाली होत राहते, लवकर स्थिरावत नाही. शिवाय पुढची बाजू खाली झुकलेली आहे. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजले, तर पुढचे अंतर मागच्यापेक्षा ५० मिमीने कमी भरते. (जमिनीपासून मोजले तर टायरमधील हवा आणि झीज यांमुळे फरक पडतो, म्हणून मुद्दाम चाकाच्या मध्यापासून मोजले आहे.)

माझ्या मनात तीन पर्याय आहेत. पहिला, पुढे बिल्स्टीन ५१०० सारखे, स्प्रिंगची बैठक वरच्या खाचेत सरकवून उंची वाढवता येणारे शॉक बसवणे आणि मागे त्याच मालिकेतील शॉक घेणे. दुसरा, रँचो ९००० सारखे, बाहेरच्या बटणाने ९ टप्प्यांत कडकपणा बदलता येणारे शॉक मागे लावणे. तिसरा, शॉक मूळ पद्धतीचेच ठेवून मागे मदतनीस एअर स्प्रिंग घालणे. पुढची बाजू पूर्ण ५० मिमी उचलली तर ट्रेलर जोडल्यावर काय होईल, शॉक कडक घेतल्याने ट्रेलरसह होणारे डोलणे खरोखर थांबेल का, आणि तसे केल्यास रिकाम्या ट्रकचा प्रवास आणखी त्रासदायक होईल का, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे ही विनंती.

प्रतिसाद १

आपण मोजमापे दिली आहेत, त्यामुळे नेमके उत्तर देता येईल. सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो: ट्रकचे वजन स्प्रिंग आणि पाटे पेलतात, शॉक पेलत नाही. शॉक फक्त स्प्रिंगची हालचाल आवरतो. म्हणून उंची, आराम आणि ओढण्याची क्षमता या तिन्ही गोष्टी एकाच खरेदीतून मिळवण्याचा प्रयत्न केला, तर निदान एका बाबतीत तरी निराशा पदरी येते.

दाबाखालील वायूचा मोनोट्यूब (एकाच नळीचा) शॉक खोक्यातून काढून पट्टा सोडला की आपोआप लांब होतो, आणि त्यामुळे तो ट्रक उचलून धरेल असे वाटते. प्रत्यक्षात त्याचा रेटा अगदी थोडा असतो. आतला दांडा १४ मिमी व्यासाचा आणि दाब २५ बार धरला, तर दांड्याच्या छेदाचे क्षेत्रफळ दीड चौरस सेंटिमीटरच्या आसपास येते आणि रेटा जेमतेम ३८ किलोचा भरतो. दोन शॉकचे मिळून पाऊणशे किलो. आता याच्या शेजारी ट्रेलरचा भार ठेवून पाहा. अशा ट्रेलरच्या जिभेवरचे (पुढच्या जोडणीच्या दांड्यावरून ट्रकवर पडणारे) वजन एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावे लागते. आपल्या बाबतीत ते २५० ते ३७५ किलो होते. मध्यम म्हणून ३०० किलो धरू. हिचचा (ट्रेलर जोडण्याच्या ट्रकवरील जोडणीचा) गोळा मागच्या ॲक्सलच्या १.२ मीटर मागे आणि दोन ॲक्सलमधले अंतर ३.६ मीटर असेल, तर तरफेच्या नियमाने मागच्या ॲक्सलवर ४०० किलो वाढतात आणि पुढच्या ॲक्सलवरून १०० किलो उठतात. यातला दुसरा आकडा फार महत्त्वाचा आहे, कारण स्टिअरिंग आणि ब्रेक यांची पकड पुढच्या चाकांवरच्या वजनावर अवलंबून असते.

यावरून आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. कारखाना मागची बाजू उंच ठेवतो ती भार पडल्यावर ट्रक सपाट बसावा म्हणून. रिकामा ट्रक तंतोतंत समतल केला, तर ट्रेलर जोडल्यावर मागची बाजू खाली बसेल, नाक वर जाईल आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाईल. आपण ओढण्याचे काम करत असल्यामुळे पूर्ण ५० मिमी उचलू नये, २५ मिमीवर थांबावे, असे माझे ठाम मत आहे. नजरेला ट्रक जवळजवळ सरळ दिसेल आणि भारासाठी थोडी जागा शिल्लक राहील.

बैठक वर सरकवण्याबाबत एक गैरसमज इतका पसरलेला आहे, की त्यावर थोडे अधिक लिहितो. बैठक वर नेल्याने स्प्रिंग कडक होते असे अनेक जण मानतात. स्प्रिंगवरचे वजन तेच राहते, म्हणून ती दबतेही तेवढीच. फक्त ट्रक वर बसतो. शॉक खालच्या हाताच्या (चाकाला चौकटीशी जोडणाऱ्या दांड्याच्या) साधारण मध्यावर जोडलेला असल्यामुळे बैठक १५ मिमी सरकवली, तर चाकापाशी २५ मिमीच्या आसपास उंची मिळते. मग ट्रक कडक का वाटतो? कारण चाकाला खाली जाण्यासाठी उरलेला प्रवास तेवढाच घटतो. समजा, मूळ स्थितीत चाक ९० मिमी खाली लोंबू शकत होते आणि आपण ५० मिमी उंची वाढवली. आता ४० मिमीच उरले. लहानशा खड्ड्यातही चाक पूर्ण खाली जाऊन शॉक आपल्या टोकाला ठक्कन अडतो, आणि तो आवाज ऐकून लोक नव्या शॉकला दोष देतात. २५ मिमी उचलल्यास हा त्रास बराच कमी राहतो, वरच्या बॉल जॉइंटचा (चाकाकडच्या गोल सांध्याचा) कोनही सहसा मर्यादेत राहतो.

डोलण्याविषयी मात्र शॉक खरोखर उपयोगी पडतात. स्प्रिंग तीच, शॉक तोच, पण त्यांच्यावरचे वस्तुमान वाढले की आवरण्याची सापेक्ष ताकद वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. मागच्या बाजूचे ९०० किलोंचे १,३०० किलो झाले, तर ती सुमारे सहाव्या हिश्श्याने कमी होते. आपला मागचा डावा शॉक तेल गाळत आहे, म्हणजे त्याची ताकद आधीच घटलेली आहे. ट्रेलर असताना नाक वर-खाली होत राहते त्याचे हे कारण असण्याची दाट शक्यता आहे. ट्रेलरचे डावी-उजवीकडे झुलणे ही वेगळी गोष्ट आहे. जिभेवरचे वजन कमी पडल्याने किंवा ट्रेलरमधला माल मागे रचल्याने ते होते, आणि कितीही महाग शॉक घेतले तरी ते बरे होत नाही.

माझी निवड सांगायची तर पुढे बैठक बदलता येणारे मोनोट्यूब आणि मागे टप्प्यांनी बदलता येणारे शॉक. रिकाम्या आणि भरलेल्या स्थितीतला फरक मागच्याच ॲक्सलवर सर्वाधिक असतो, म्हणून बटणाचा फायदाही तिथेच आहे. ट्रेलर जोडताना आणि सोडताना वाकून ते बटण फिरवण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागेल.

प्रतिसाद २

वरील विवेचनाशी मी बहुतांशी सहमत आहे; मागच्या शॉकबाबत माझे मत वेगळे आहे. बटण फिरवण्याचे काम थोड्याच दिवसांत मागे पडते आणि शॉक कायम एकाच टप्प्यावर राहतो. मी चारही शॉक एकाच मालिकेतील घेण्याच्या बाजूने आहे, म्हणजे पुढची आणि मागची बाजू एकाच लयीत हलते. या मोनोट्यूब शॉकमध्ये दांड्याची गती मंद असताना, म्हणजे वळणावर कलताना किंवा ब्रेक लावल्यावर नाक खाली जाताना, प्रतिकार चांगला मिळतो; धक्का तीव्र असेल तर झडप उघडून तेलाला वाट देते. वायू आणि तेल यांच्यामध्ये तरता पिस्टन असल्यामुळे लांब प्रवासात तेलाला फेस येत नाही.

एअर स्प्रिंगबाबत एक सावधगिरी. त्या मागची बाजू वर उचलतात, परंतु पुढच्या ॲक्सलवरून उठलेले १०० किलो परत आणत नाहीत. ट्रक दिसायला सपाट होतो आणि पुढची चाके तेवढीच हलकी राहतात. ते वजन परत आणायचे असेल, तर वजन विभागणारी हिच लागते, आणि किती परत आणावे हे ट्रकच्या पुस्तिकेत दिलेले असते. एअर स्प्रिंगने दाराच्या पट्टीवर लिहिलेली एकूण भारमर्यादाही वाढत नाही. जिभेवरचे वजन, माणसे आणि हौद्यातले सामान या सर्वांचा हिशेब त्याच मर्यादेत बसवावा लागतो. म्हणून काहीही विकत घेण्यापूर्वी वजनकाट्यावर एकदा नुसता ट्रक आणि एकदा ट्रेलरसह ट्रक, असे ॲक्सलनुसार वजन करून घ्यावे.

रिकामा असताना मागची बाजू आपटते, त्याचे पहिले कारण टायरमध्ये शोधावे. ट्रेलरसाठी भरलेली जास्तीची हवा पुढचे अनेक दिवस तशीच राहते. ती पट्टीवर दिलेल्या दाबापर्यंत उतरवून पाहा. भारासाठी बनवलेले पाटे रिकामेपणी कडकच वाटणार. शॉक त्यांना मऊ करू शकत नाही.

धागाकर्ता

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. पुढची उंची २५ मिमीच वाढवायची, एअर स्प्रिंगचा विचार बाजूला ठेवायचा आणि वजन करून मग हिचबद्दल ठरवायचे, असे मी निश्चित केले आहे. टायरमधील हवा तपासली असता मागे ती खरोखरच पट्टीवरील दाबापेक्षा बरीच जास्त निघाली. ती उतरवल्यावर सांध्यांवरचा आपटा जाणवण्याइतका सौम्य झाला. मागच्या शॉकमध्ये मी टप्प्यांचे शॉक घेईन, कारण ट्रेलर जोडताना जिभेची साखळी, दिव्यांची तार आणि टायर तपासण्यासाठी मी तसाही वाकतोच. आता बसवण्याचे काम स्वतः करावे की नाही, आणि करायचे झाल्यास कशाची विशेष काळजी घ्यावी, एवढे सांगावे.

प्रतिसाद १

मागचे दोन शॉक आपण स्वतः निश्चिंतपणे बदलू शकाल. ॲक्सलला टेकू देऊन एका वेळी एकाच बाजूचा शॉक काढावा, म्हणजे ॲक्सल खाली लोंबत नाही आणि ब्रेकच्या नळीवर ताण येत नाही. बोल्ट हाताने लावून ट्रक चारही चाकांवर उतरवावा आणि नंतरच दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या बळाला) आवळावा. चाके लोंबत असताना आवळले, तर रबरी बुश त्या स्थितीत घट्ट होते, ट्रक खाली आला की पिळली जाते आणि लवकर फाटते. मोनोट्यूबच्या नळीला पाना लागून खळगा पडू देऊ नका. पिस्टन त्याच नळीच्या आतल्या भिंतीवरून सरकतो.

पुढचे काम मात्र गॅरेजकडे द्यावे. तिथली स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते आणि ती आवळणारे साधन निसटले, तर जिवावर बेतू शकते. वरची रबरी बैठक त्याच वेळी नवी घालून घ्या, कारण तिच्यासाठी पुन्हा सगळे खोलावे लागते. त्यानंतर व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटची दिशा, आणि ट्रकमध्ये समोरचा कॅमेरा किंवा रडार असेल तर त्याची जुळणी, ही कामे त्याच दिवशी करून घ्यावीत. उंची २५ मिमीने बदलली तरी टो आणि कॅम्बर (चाकांचे आत-बाहेर वळणे आणि कलणे) सरकतात आणि नव्या टायरची कड थोड्याच काळात झिजू लागते.